क्रूस एकदाच टाकतात

नेवेनाच्या वडिलांचं चौकात फोटोचं दुकान होतं. माणसं नवे कपडे घालून यायची, रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीवर बसायची. वडील म्हणायचे, "हं, आता हलू नका," की सगळ्यांचे पुतळे व्हायचे. लहानगी नेवेना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्याच्या आधीचं बघत असायची. नवऱ्याची कॉलर सरळ करता करता त्याला हळूच चिमटा काढणारी बायको. लष्करात निघालेल्या मुलाच्या कोटाचं एकच बटण पुन्हापुन्हा लावणारी आई.

"बाबा, आत्ता काढा ना!"

"आत्ता कसा काढू? अजून तयार कुठे झालेत?"

"म्हणूनच काढा."

"अगं वेडे, लोक पैसे देतात ते चांगलं दिसायला. जसे आहेत तसे ते घरी एकमेकांना रोज दिसतात, फुकट!"

वडिलांचं चुकत नव्हतं. त्यांचं पोट त्यावर होतं. पण नेवेनाच्या मनातून ते आधीचं काही गेलं नाही. मोठी झाल्यावर तिने जिल्ह्याच्या टीव्ही केंद्रात अर्ज केला. कॅमेरा मागितला, मिळाले दिवे. बातमीला जाताना दिव्याचा खांब खांद्यावर घ्यायचा, तारा गुंडाळायच्या, बॅटऱ्यांची पेटी उचलायची. कॅमेऱ्याचं नाव काढलं की पुरुष हसायचे. "कॅमेरा तुझ्यापेक्षा जड आहे बाई. त्याने तुला उचललं तर आम्ही कुणाला हाका मारायच्या?"

ती त्यांच्याशी भांडली नाही. घरी संध्याकाळी घेवड्याचं पोतं उजव्या खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायची. श्वास आवरून, गुडघे किंचित वाकवून, शेजारच्या अंगणातल्या कोंबड्यांवर नजर लावून, पोतं न हलवता. आई छातीवर क्रुसाची खूण करून पुटपुटायची, "देवा, लोकांच्या मुली हुंड्याच्या चादरी विणतात, माझी पोतं घेऊन उभी राहते."

तिला धंदा शिकवला तो स्पास नावाच्या म्हाताऱ्या कॅमेरामनने. चांगला माणूस, हात स्थिर, पण सवयी जुन्या. एकदा पुराच्या बातमीला दोघं गेले होते. एका आजोबांचं घर पडलं होतं आणि वाचवलेली एकुलती एक कोंबडी छातीशी धरून ते फाटकातून बाहेर येत होते. स्पासच्या हातून ते हुकलं. तो म्हणाला, "आजोबा, जरा परत आत जाऊन तसेच या बरं." आजोबा बिचारे गेले, आले. "आणखी एकदा, जरा हळू." पुन्हा गेले, आले. शेवटी शेवटी त्यांना त्याची गंमत वाटायला लागली. कोंबडीही फडफडली, आजोबा हसले, आणि नेमकं तेच चांगलं आलं म्हणून तेच बातमीत लागलं. दुसऱ्या दिवशी नेवेना ब्रेडच्या रांगेत उभी होती. पुढच्या दोघी बोलत होत्या, "बघितलंस का? म्हातारा हसत होता. याचं काही फार गेलेलं दिसत नाही हो."

ज्याचं सगळं वाहून गेलं त्याला आपण हसवून आणलं, आणि आता त्याला कुणी मदतही करणार नाही. त्या रांगेतच तिने मनाशी बांधून घेतलं: आपल्या हाती कॅमेरा आला तर कुणालाही "पुन्हा करा" म्हणायचं नाही. हुकलं तर हुकलं.

कॅमेरा हाती आला तो मात्र नावांच्या गोंधळामुळे. स्पास पाठदुखीने निवृत्त झाल्यावर केंद्रात दोनच कॅमेरामन उरले, उंच योर्दान आणि ठेंगणा योर्दान. आणि जानेवारीत आला योर्दानचा सण, म्हणजे योर्दान नदीत प्रभूचा बाप्तिस्मा झाला तो दिवस. त्या दिवशी आमच्याकडे ज्याचं नाव योर्दान, त्याच्या घरी सकाळपासून पाहुण्यांची रीघ. नावाच्या सणाला कामावर बोलावणं म्हणजे माणसाचा अपमानच. बातम्यांचे प्रमुख दाम्यानोव साहेबांना ब्रेस्तोवो गावातला नदीचा सोहळा तर हवाच होता. पाद्री पुलावरून क्रूस नदीत टाकतो, तरुण बर्फाळ पाण्यात उड्या घेतात, ज्याच्या हाती क्रूस लागेल त्याला वर्षभर आरोग्य. दरवर्षी लोक हे बघायला टीव्हीपुढे बसायचेच.

साहेबांनी नेवेनाला बोलावलं. "मला उडी पाहिजे. हात पाण्यातून वर आलेला, हातात क्रूस. बाकी काय आणशील ते आण. उडी आणलीस तर कॅमेऱ्याचं पुढे बघू. नाही आणलीस तर दिवे आहेतच, आणि मग हा विषय माझ्यापुढे पुन्हा काढायचा नाही. कळलं?"

"कळलं," नेवेना म्हणाली.

बरोबर बातमीदार म्हणून क्रासिमिर होता. गोड बोलायचा, झरझर लिहायचा, आणि कुणाच्याही दारात पाहुण्यासारखा उभा राहायचा. वाटेत गाडीत तो म्हणाला, "एक मसालेदार गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी ज्याने क्रूस पकडला ना, झेल्यो नावाचा पोरगा, तो शरद ऋतूत ट्रक उलटून गेला. वर्षभर आरोग्य म्हणे! गावात कुजबुज आहे की यंदाचा क्रूस अशुभ. आपण आधी त्याच्या आईकडे जाऊ. दोन अश्रू मिळाले तर बातमी उभी राहील."

"अश्रू मागायला जायचं असेल तर तू एकटा जा," नेवेना म्हणाली.

"अगं, मी कुठे मागतोय? मी फक्त विचारणार, ते आपोआप येतात."

ग्रुदामावशींच्या फाटकावर तो गेल्याचं कळवणारं, झेल्योचा फोटो असलेलं पत्रक लावलेलं होतं, कोपरे पावसाने सुटलेले. काळा रुमाल बांधलेल्या मावशी दारात आल्या. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "माणसांनी आत या. यंत्र बाहेर राहू दे. बाहेर त्याला थंडी वाजायची नाही."

नेवेनाने कॅमेरा ओट्यावर घोंगडीत गुंडाळून ठेवला आणि बूट काढले. क्रासिमिर चुळबुळला, पण तोही आला. आत टीव्हीवर काळं कापड टाकलेलं. वर्ष होईपर्यंत तो लागणार नव्हता. मावशींनी आंबवलेली कोबी आणि घेवड्याची भाजी वाढली. झेल्योचा धाकटा भाऊ तान्यो कोपऱ्यात बसून बुटांना तेल लावत होता.

"हा यंदा उडी घेणार म्हणतोय," मावशी ताटात ब्रेड टाकत म्हणाल्या, जणू तान्यो खोलीत नव्हताच. "मी सांगितलंय. त्या नदीत पाय टाकलास तर या उंबऱ्यात टाकायचा नाही."

"आई, दादाचा काही दोष नव्हता," तान्यो खाली बघूनच बोलला. "क्रुसाचाही नव्हता. घाटात बर्फ होता. लोक काहीबाही बोलतात, ते मला बंद करायचंय."

"लोकांची तोंडं बंद करायला तू देवाचा मुकादम आहेस का?"

"नाही. दादाचा भाऊ आहे."

क्रासिमिरने तेवढ्यात वही काढली. "मावशी, तुम्हाला आता देवाबद्दल काय वाटतं?"

"मला असं वाटतं," मावशी म्हणाल्या, "की भाजी गार होतेय."

निघताना नेवेनाने मागे वळून पाहिलं. चुलीजवळच्या दोरीवर जाड लोकरीचे मोजे आणि एक मोठा शर्ट गरम करायला टाकलेला होता. तो ग्रुदामावशींच्या मापाचा नक्कीच नव्हता.

नदीवर सगळं गाव लोटलं होतं. काठाला बर्फाचा पापुद्रा, मध्ये काळं वाहतं पाणी. बॅगपाइपवाला फुंकून फुंकून लाल झाला होता. उडी घेणारे तरुण पांढऱ्या सदऱ्यांत कंबरभर पाण्यात उभे, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, दात वाजत असताना मोठ्याने गात होते. गेल्या वर्षीपेक्षा ते कमी होते, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तान्यो त्यांच्याच रांगेत, कडेला उभा होता.

नेवेनाने पुलाखालच्या दगडांवर जागा धरली. पाणी समोर, सूर्य पाठीशी, उडी थेट पुढ्यात. याहून चांगली जागा नव्हती. कॅमेरा खांद्यावर चढवून तिने टेप आधीच सुरू केली. फादर एव्लोगी पुलावर प्रार्थना म्हणू लागले. गर्दी गप्प झाली.

आणि तेव्हा तिला काठावरच्या चिनाराखाली ग्रुदामावशी दिसल्या.

त्या गर्दीत नव्हत्या, बाजूला होत्या. काळ्या शालीखाली काहीतरी फुगलेलं होतं, आणि त्याचं एक टोक बाहेर आलं होतं. लोकरीचा मोजा. उंबऱ्यात पाय टाकू नकोस म्हणणारी बाई त्याच पायांचे मोजे गरम करून छातीशी धरून आली होती. ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती की शिव्या देत होती, ते तिला आणि देवालाच ठाऊक.

फादरांनी क्रूस वर उचलला. नेवेनाला साहेबांचं बोलणं आठवलं, दिव्याचा खांब आठवला, पोतं आठवलं. पाण्याकडे बघायचं की त्या बाईकडे, हे ठरवायला एका श्वासाएवढा वेळ होता. तिने पाय न हलवता कमरेतून कॅमेरा वळवला आणि तो चिनाराखाली नेऊन स्थिर केला.

क्रूस पडल्याचा आवाज आला. मग उड्यांचा धबधब आवाज, बायकांच्या किंकाळ्या, बर्फ फुटल्याची करकर. भिंगात फक्त ग्रुदामावशींचा चेहरा. डोळे पाण्यात कुणालातरी शोधताहेत, सापडला, हरवला, पुन्हा सापडला. जबडा घट्ट. मग सगळा काठ एकदम ओरडला, "तान्यो! तान्यो!" आणि मावशींचं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. शाल सावरत त्या उतारावरून धावल्या, घसरल्या, उठल्या. नेवेना कॅमेरा खांद्यावरून न उतरवता त्यांच्या मागे. पाण्यातून निळा पडलेला तान्यो वर आला, हातात क्रूस. आईने पहिल्यांदा त्याच्या ओल्या गालावर फाडकन एक चपराक दिली. मग शालीखालून घोंगडी काढून त्याला गुंडाळलं, त्याच्या हातातल्या क्रुसाचं चुंबन घेतलं, आणि ती खाली बसून त्याचे पाय कोरडे करू लागली.

नेवेनाने टेप थांबवली नाही. मावशी दुसरा मोजा चढवेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"मिळाली ना उडी?" क्रासिमिर धापा टाकत आला.

"नाही."

"म्हणजे?"

"मी आईवर होते."

क्रासिमिरच्या तोंडचं पाणीच पळालं. "आईवर? अगं, सणाला उडी नाही म्हणजे लग्नाला नवरी नाही! साहेब आपल्या दोघांना लोणच्यासारखे बरणीत भरतील!" मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "थांब. काही बिघडलं नाही. पोरं अजून ओलीच आहेत."

तो सरळ सरपंचांकडे गेला. सरपंचांना आपलं गाव टीव्हीवर यायला हवंच होतं. दोघं मिळून फादरांकडे गेले. "फादर, पुन्हा एकदा टाकायचा. फक्त टीव्हीसाठी. हा खरा क्रूस राहू द्या, चर्चच्या दुकानातला साधा लाकडी आणू. त्यात पाप कसलं? पोरांना एक एक घोट ब्रँडी दिली की उतरतील परत."

फादर एव्लोगींनी दाढी कुरवाळली. चुकीच्या जागी मऊ होणारा माणूस. "तसं बघितलं तर... प्रार्थना न म्हणता टाकला तर तो विधी होत नाही... नुसतं दाखवणं..."

पोरं थरथरत एकमेकांकडे बघत होती. एकाने म्हटलंसुद्धा, "टीव्हीवर येणार असेन तर मी उतरतो." सरपंच तान्योकडे वळले. "चल रे बाबा, पकडायचा तुलाच आहे. बाकीचे नुसते आजूबाजूला हात मारतील."

ग्रुदामावशी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी तान्योच्या घोंगडीचं टोक मुठीत धरलं.

नेवेनाने कॅमेरा दगडावर ठेवला, मागची बॅटरी खटकन काढली आणि आपल्या कोटाच्या आतल्या खिशात घातली.

"हे काय? बॅटरी संपली?" क्रासिमिर.

"भरलेली आहे. मी काढलीय."

"नेवेना, वेडेपणा नको करूस. कुणाला कळणार आहे?"

"त्यांना," तिने पाण्याकडे आणि मग काठावरच्या साऱ्या माणसांकडे हात केला. "हे सगळे आज संध्याकाळी बातम्या बघतील. आपण दाखवलेलं घडलेलं नव्हतं हे यांना कळेल. उद्या यांच्यातल्या कुणाचं घर जळलं आणि आपण ते दाखवलं, तर बाकीचे म्हणतील, यांना काय, हे पुन्हा जाळायला लावतात."

"पण उडी खरीच तर होती! तान्योनेच पकडला ना?"

"पकडला. एकदा. आईचा जीव एकदाच वरखाली झाला. दुसऱ्यांदा तू तिला काय सांगशील, मावशी, आता नुसत्या घाबरल्यासारखं करा?"

सरपंच तापले. "तू कोण गं पोरी आम्हाला शिकवणार? फादर, तुम्ही टाका हो, ही नाही तर तो क्रासिमिर यंत्र चालवेल."

"चालवू दे," नेवेना म्हणाली. "बॅटरी माझ्या पोटाशी आहे. ज्याला हवी त्याने येऊन काढावी."

कुणी पुढे आलं नाही. फादर एव्लोगींनी एक लांब श्वास घेतला आणि लाल होत म्हणाले, "नको. क्रूस एकदाच टाकतात. मला आधीच म्हणायला पाहिजे होतं." आणि मग जणू स्वतःवरच रागावून सरपंचांना म्हणाले, "पोरांना घरी पाठवा, न्यूमोनिया होईल!"

केंद्रात परतल्यावर खरी लढाई टेप कापून जोडायच्या खोलीत झाली. क्रासिमिर रुसलेला होता, पण धंद्यात कच्चा नव्हता. टेप बघता बघता त्याचा रुसवा गळाला. मग त्याने भराभर मजकूर लिहिला: आईचं काळीज, नियतीचा खेळ, अश्रूंचा पूर.

"अश्रू कुठे आहेत?" नेवेनाने विचारलं.

"लोकांना समजायला नको का ती का घाबरलीय?"

"समजायला पाहिजे. क्रूस पडायच्या आधी सांग. थोरला मुलगा गेल्या वर्षी याच नदीतून क्रूस घेऊन निघाला होता आणि शरदात वारला. धाकटा आज पाण्यात आहे. एवढंच. मग गप्प बस."

"किती वेळ गप्प?"

"मोजे घालून होईपर्यंत."

"टीव्हीवर इतका वेळ कुणी गप्प बसत नाही!"

"म्हणून कुणाला काही ऐकू येत नाही."

दाम्यानोव साहेब दारात येऊन उभे राहिले. "उडी कुठंय?"

नेवेनाने टेप सुरू केली. साहेबांनी उभ्यानेच पाहिलं. चपराक बसली तेव्हा त्यांचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला. संपल्यावर ते म्हणाले, "मी तुला काय आणायला सांगितलं होतं?"

"उडी."

"आणि तू काय आणलंस?"

"उडी घेतली तेव्हा काय झालं ते."

"शब्दांनी खेळू नकोस. लोक क्रूस बघायला बसतात."

"क्रूस आहे साहेब. तिने चुंबन घेतलंय त्याचं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बातम्या तोंडावर आल्या होत्या. "लावा. दुसरं काही नाहीच माझ्याकडे. पण ठरलं ते ठरलं. उद्यापासून तू दिव्यांवर."

"ठीक आहे," नेवेना म्हणाली. "दिवे धरीन. पण परत पाठवलंत तर परत असंच आणीन. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही फसणार नाही."

बातमी लागली. क्रासिमिर गप्प बसला, हे त्याच्या आयुष्यातलं मोठंच काम. केंद्रात फोन आले. काही चिडलेले, उडी का दाखवली नाही म्हणून. एक जण शेवटपर्यंत नुसता रडतच होता. साहेबांनी यातला कुठलाच फोन नेवेनाला दिला नाही.

रविवारी चर्चमधून परस्पर बस पकडून ती ब्रेस्तोवोला गेली. ज्या घरातला टीव्ही झाकलेला आहे त्या घराला आपण काय दाखवलं ते सांगायला हवं, एवढंच तिच्या मनात होतं. ग्रुदामावशी अंगणात लाकडं रचत होत्या.

"आलीस का, बॅटरीवाली? बातमीत काय दाखवलं ते शेजारणीने मला सगळं सांगितलं. पण ती तिखटमीठ लावते. तू सांग. मी त्याला मारलं ते दिसलं?"

"दिसलं मावशी. स्वच्छ दिसलं."

"सगळ्या जिल्ह्याला?"

"सगळ्या जिल्ह्याला."

मावशींनी एक लाकूड रचलं, दुसरं उचललं. "आणि घोंगडी? मोजे?"

"तेही. दोन्ही पायांचे."

"मग चालेल. नुसतं मारलेलं दाखवून थांबली असतीस तर तुला फाटकातूनच परत घालवलं असतं." मग लाकडाने दाराकडे खूण केली. "तो शेतावर गेलाय. लोक आता त्याला क्रूस घेऊन घरी बोलावतात, आशीर्वाद मागतात. गाढवाला माज आलाय." त्या हसल्या नाहीत, पण त्यांचा आवाज हलका होता.

सोमवारी नेवेना सवयीने दिव्याचा खांब घ्यायला कोठीत गेली. खांब जागेवर नव्हता. उंच योर्दानने तो खांद्यावर घेतला होता आणि त्याचं तोंड कडू झालं होतं.

"हसू नकोस," तो म्हणाला. "साहेब म्हणतात, जिथे माणसं असतील तिथे ती, जिथे मंत्री असतील तिथे तुम्ही. आज म्हणे माणसं आहेत."

ती हसली नाही. कॅमेरा उचलून खांद्यावर घेतला. शहरातल्या एका शाळेची वर्ग गरम ठेवणारी भट्टी बंद पडली होती आणि मुख्याध्यापक निवेदन देणार होते. गाडी शाळेच्या आवारात शिरली तेव्हा मुख्याध्यापक पायऱ्यांवर टाय सरळ करत, घसा साफ करत तयार उभे होते. नेवेना त्यांना नमस्कार करून पुढे गेली आणि वर्गाचं दार उघडलं. मुलं कोट-टोप्या घालून बसली होती. बाई हातमोजे घालून फळ्यावर लिहीत होत्या आणि खडू पुन्हापुन्हा निसटत होता.

"आम्ही काय करू?" बाईंनी विचारलं.

"शिकवा," नेवेना म्हणाली, आणि टेप आधीच सुरू होती.